‘टेन्शन आहे’ असं केसपेपरवर लिहिलं जाण्याआधी

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं बसले. डॉक्टर मनात काय धरून बसलेत ते त्यांच्या तोंडून मला कधी कळलं नाही, चिठ्ठ्यांवरून कळलं. पन्नाशीचा गडी छाती भरून येते म्हणून आला की चिठ्ठीवर ट्रोपोनिन, लिपिड या हृदयासाठीच्या तपासण्या, आणि ‘अर्जंट’खाली दोन रेघा. त्याच वयाची बाई तीच तक्रार घेऊन आली की सीबीसी, थायरॉइड आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अँक्झायटी’, म्हणजे चिंता. दरवेळी असं व्हायचं असं नाही. पण चिठ्ठी उलगडण्याआधी मी मनातल्या मनात पैज लावायचे आणि बहुतेकदा जिंकायचे.

मग उमरेडच्या माझ्या मावशीची पाळी आली. वय ५८, दहा वर्षांपासून शुगर. दोन दिवस जबडा दुखून राहिला होता, मळमळ होती, घाम सुटत होता. दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन मिळालं आणि वर हसत विचारलं गेलं, “सुनेशी भांडण झालं काय?” मावशीही हसली. दुसऱ्या रात्री नागपूरला आणल्यावर ईसीजी निघाला. हृदयाचा झटका कधीच येऊन गेला होता. मावशी वाचली, पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं ते आलंच.

तेव्हापासून नात्यातल्या, शेजारच्या, ओळखीच्या बायकांसोबत मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स ही नागपूरची सरकारी रुग्णालयं आणि रामदासपेठेतले खासगी दवाखाने असं माझं फिरणं सुरू आहे. बाईचं दुखणं ‘टेन्शन’वर ढकललं जाऊ नये म्हणून त्यातून जे कामाचं निघालं ते इथे क्रमाने लिहिते.

आधी थोडं: हे होतं कशामुळे

बहुतेक डॉक्टर वाईट मनाचे नसतात. ओपीडीत शंभराची रांग असते, एकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. तेवढ्या वेळात डोकं ओळखीचा साचा शोधतं, आणि तो साचा बराचसा पुरुषाच्या शरीरावरून बनला आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं होतं. ते बंधन १९९३ मध्ये उठलं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणावा, हे त्याच संस्थेने सांगितलं २०१३ मध्ये. तोवर ही गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती. बायकांच्या त्रासाला लावला जाणारा ‘हिस्टेरिया’ हा शब्द ग्रीकमधल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला आहे, आणि मनोविकारांच्या अमेरिकी यादीतून तो आजार म्हणून वगळला गेला १९८० मध्ये. आज ज्यांचे केस पांढरे झालेत त्या डॉक्टरांचे गुरुजी हा शब्द शिकूनच मोठे झाले.

दुसरा भाग आपल्या घरातला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ या एका वर्षात झालेल्या सुमारे २३.७७ लाख ओपीडी भेटी मोजल्या गेल्या, तेव्हा दर बाईमागे १.६९ पुरुष निघाले. गाव जितकं लांब, तितक्या बायका कमी. नागपुरात छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादहून पेशंट येतात. एसटी स्टँडवर उतरणाऱ्यांकडे एक दिवस नीट बघा. दुखणं अंगावर काढायची सवय डॉक्टरांनी लावलेली नाही.

पायरी पहिली: आदल्या रात्री शब्द बदला

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडची बाई म्हणते, “जीव घाबरते.” यात भीतीचा संबंध असेलच असं नाही. श्वास पुरत नाही, छाती धडधडते, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, यांपैकी काहीही तिला सांगायचं असतं. समोरच्या डॉक्टरच्या कानात त्याची ‘घबराहट’ होते, कागदावर ‘अँक्झायटी’ होते. हृदयाची, रक्ताची किंवा थायरॉइडची तक्रार दोन वाक्यांत मनाची झालेली असते, आणि यात कोणी खोटंही बोललेलं नसतं. “अंग गळून जाते”, “कसंतरीच होते”, “डोकं जड राहते” यांचंही तेच.

म्हणून आदल्या रात्री वहीचं एक पान घ्या आणि प्रत्येक शब्दाला विचारा: शरीरात नेमकं कुठे? किती वेळ? काय केल्यावर वाढतं? आणि त्यामुळे कोणतं काम सुटलं? हा शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोलाचा. “थकवा येते” याला डॉक्टरच्या लेखी वजन नसतं. “दिवाळीपर्यंत दोन मजले एका दमात चढत होते, आता पहिल्या मजल्यावर बसावं लागतं” हे वाक्य डॉक्टर लिहून घेतो. “पाळीत फार जाते” याऐवजी “पहिले दोन दिवस तासाला पॅड बदलावा लागतो, रात्री दोनदा उठते” असं सांगा. “पोट दुखते” याऐवजी “दर महिन्याला दोन दिवस कामावर खाडा होतो, गोळी घेऊनही उभं राहता येत नाही” असं सांगा. आपल्याकडे बाईने ‘खूप दुखतं’ म्हटलं की ऐकणारा आपोआप निम्मं वजा करतो. तासांतून आणि खाड्यांतून ते वजा करणं अवघड जातं.

त्याच पानावर चालू गोळ्या, आई-वडील-भावंडांचे आजार आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहा. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का, हेही लिहा. ते बाळंतपणासोबत संपलं असं सगळ्यांना वाटतं, पण पुढच्या आयुष्यात हृदयविकाराची आणि मधुमेहाची जोखीम त्यामुळे वाढते. फिजिशियन हे आपण होऊन क्वचितच विचारतात.

पायरी दुसरी: टेबलाजवळच्या खुर्चीत कोण बसतं

नवरा टेबलाजवळ, बायको मागच्या स्टुलावर. डॉक्टर विचारतात, “काय होतं यांना?” आणि नवरा सांगतो, “काही नाही साहेब, उपास करते आणि चिडचिड करते.” संपलं.

खुर्ची आधी ठरवा. जिला दुखतं ती पुढे बसेल आणि पहिलं ती बोलेल. सोबतच्या माणसाचं काम दुसऱ्या नंबरचं, पण मोठं आहे. त्याने एकच वाक्य बोलावं: “हिला मी पंचवीस वर्षं ओळखतो, ही कधी दवाखान्यात चला म्हणत नाही. या वेळी स्वतःहून म्हणाली.” हे वाक्य पुरुषाच्या तोंडून आलं की जास्त चालतं. मला ते आवडत नाही, पण जावयाला सोबत नेते आणि वापरते.

एकटीला काही सांगायचं असेल, म्हणजे मारहाण, गर्भपात, अंगावरून पांढरं जाणं, तर नर्सला हळूच सांगा की दोन मिनिटं एकटं बोलायचं आहे. फाइल आणायला किंवा पैसे भरायला कोणाला बाहेर कसं धाडायचं हे त्यांना बरोबर माहीत असतं. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर खोलीत दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेला आहे. मागायला लाजू नका.

पायरी तिसरी: पहिलं वाक्य

डॉक्टर पहिल्या वाक्यावरच रस्ता धरतात. “घरी फार टेन्शन आहे, त्यात पोरीचं लग्न ठरत नाही, आणि छातीतही दुखते,” असं सुरू केलंत तर छाती मागे पडली. टेन्शन लपवायचं नाही, पण ते तिसऱ्या वाक्यात सांगायचं. पहिलं वाक्य असं: “पंधरा दिवसांपासून चालताना छातीवर दाब येतो, थांबलं की जातो, आधी असं नव्हतं.” घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा. पोरं हसतील, हसू द्या.

बाई डॉक्टर असल्या की हा प्रश्न सुटतो असं मानून चालू नका. त्याही त्याच पुस्तकांतून शिकल्या आहेत, आणि “आम्ही नाही का सहन केलं?” हे वाक्य मी त्यांच्याकडूनच जास्त ऐकलं आहे.

पायरी चौथी: ‘टेन्शन’ म्हटलंच तर

वाद घालू नका. “पुरुष असतो तर तुम्ही असं म्हटलं असतं का?” हे कितीही खरं असलं तरी टेबलावर ते चालत नाही. डॉक्टर बचावात जातात आणि भेट तिथेच संपते. त्याऐवजी शांतपणे हे तीन प्रश्न विचारा.

“टेन्शन असेलही डॉक्टर, पण ते सोडून अजून काय काय असू शकतं?”

“ते नाही हे कशावरून म्हणता, तपासण्यावरून की एखाद्या टेस्टवरून?”

“या गोळ्यांनी किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढे काय?”

पहिल्या प्रश्नाने डॉक्टरला साच्यातून बाहेर येऊन पुन्हा विचार करावा लागतो. तिसऱ्याने तारीख ठरते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही ‘परत आलेली बाई’ ठरत नाही, ठरल्याप्रमाणे आलेली पेशंट ठरता. तरीही टेस्ट नाकारली गेली तर विनंती करा: “माझी तक्रार आणि टेस्टची गरज नाही असं का वाटलं, ते केसपेपरवर लिहून द्याल का?” अनेकदा लिहिण्यापेक्षा टेस्ट करणं सोपं वाटतं आणि चिठ्ठी निघते.

एक मात्र नक्की. चिंतेचा आजार खरा असतो, त्याला खरा उपचार असतो. तसं निदान झालं तर ते नीट विचारपूस करून झालेलं असावं आणि हातात फक्त झोपेच्या गोळ्यांची पट्टी असू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही. आणि जिच्या फाइलवर आधीच डिप्रेशनची नोंद आहे तिने ‘हे माझ्या नेहमीच्या त्रासासारखं नाही’ हे वाक्य पहिलं बोलावं, नाहीतर मोडलेलं हाडही मनावर ढकललं जाईल.

छातीसाठी वेगळे नियम

इथे वही, खुर्ची काही नको. छातीत दुखणं हे झटक्याचं मुख्य लक्षण बाई-पुरुष दोघांतही आहे. पण बायकांत त्याच्यासोबत, आणि कधीकधी त्याच्याशिवायही, दम लागणं, मळमळ-उलटी, जबडा, पाठ किंवा खांदा दुखणं, गार घाम, एकदम गळून जाणं हे जास्त दिसतं. शुगर असेल तर दुखणं फार जाणवतही नाही. नागपूरच्या मे महिन्यात हे सगळं ‘ऊन लागलं’ या नावाखाली कांद्याच्या रसावर आणि पन्ह्यावर निघतं. पन्हं नंतर प्या. १०८ लावा किंवा ईसीजीची सोय असलेल्या कॅज्युअल्टीत थेट जा.

तिथे “गॅस झाला असेल” हे तुमच्या तोंडून निघू देऊ नका. निदान डॉक्टरला करू द्या. “छातीची तक्रार आहे, आधी ईसीजी काढा,” एवढंच म्हणा. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरच्या नजरेखालून गेला पाहिजे असं हृदयरोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवत असतील तर विचारा, “ट्रोपोनिन केलं का? काही तासांनी परत करणार का?” झटक्यानंतर ट्रोपोनिन रक्तात चढायला वेळ लागतो, एका रिपोर्टवर भागत नाही. लॅबवाली म्हणून आणखी एक सांगते: हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिनच्या काही किटमध्ये बायकांसाठीची मर्यादा पुरुषांपेक्षा वेगळी आणि खाली असते. एका प्रचलित किटमध्ये पुरुषांची ३४ आणि बायकांची १६ आहे. रिपोर्टवर एकच सरसकट आकडा छापला असेल तर ‘नॉर्मल’ वाचून निश्चिंत होऊ नका, बायकांसाठीची मर्यादा कोणती ते विचारा.

चार तक्रारी, ज्या हमखास बाजूला पडतात

पाळीचं दुखणं. ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक लेकरू झालं की थांबेल’ हे नागपुरात आजही एमबीबीएसच्या पाटीखाली ऐकायला मिळतं. दुखण्याने शाळा-नोकरी बुडत असेल, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) नाव तुम्ही स्वतः घ्या. जगभरात मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायकांना तो असतो आणि निदानाला बरीच वर्षं जातात. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं होत नाही.

थकवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. इतक्या जणींना आहे म्हणून तो ‘नॉर्मल’ ठरून गेला आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाची गोळी तर घ्याच, पण रक्त जातंय कुठे तेही विचारा. आणि १२ च्या वर असूनही केस गळतात, दम लागतो, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची टेस्ट, करा. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन मागून पडतं.

सिकलसेल, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार. हे खास विदर्भातल्या वाचकांसाठी. नव्या सुनेचे हातपाय, पाठ, हाडं दुखतात, दोन दिवसांनी बरी होते, महिन्याने परत तेच. घरात नाव पडतं ‘कामचुकार’, दवाखान्यात ‘बॉडी पेन’. त्याची प्राथमिक सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती वाहक आहे की रुग्ण हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. निदान झालेलं असेल तर सिकलसेलचं कार्ड पर्समध्ये ठेवा आणि कॅज्युअल्टीत पहिलं तेच दाखवा, म्हणजे वेदनाशामक मागणारी मुलगी नाटकी ठरणार नाही. सिकलसेलच्या रुग्णाला तापासोबत छातीत दुखलं तर रात्रीचे तीन वाजले असले तरी निघा.

मूल न होणं. आमच्या काउंटरवर बाईच्या नावाच्या बारा-बारा टेस्टचे रिपोर्ट जमा व्हायचे आणि नवऱ्याची एकही टेस्ट नसायची. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारणाचा काही ना काही भाग पुरुषाकडे असतो. वीर्यतपासणी स्वस्त आहे, टोचत नाही, भूल लागत नाही. दोन ते सात दिवसांच्या खंडानंतर नमुना द्यायचा, आणि गडबड दिसली तर काही आठवड्यांनी पुन्हा. बाईची लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) ठरण्याआधी ही झाली पाहिजे असा हट्ट धरा. “त्यांना येणं जमत नाही” हे कारण ऐकून घेणाऱ्या डॉक्टरकडून फाइल उचला.

उलटा पक्षपात: पिशवी काढण्याची घाई

दुखण्याकडे दुर्लक्ष करणारी व्यवस्था बाईची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला मात्र फार लवकर तयार होते. “लेकरं झालीत, आता काय काम तिचं?” बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जाण्याचा प्रश्न २०१९ मध्ये एवढा पेटला की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली.

पिशवी काढा असं म्हटलं की विचारा: नेमकं निदान काय? गोळ्या, हार्मोन, हार्मोनवाली तांबी यांपैकी काय वापरून पाहिलं? अस्तराचा तुकडा तपासायची गरज आहे का? अंडाशय ठेवणार की काढणार? पाळी जाण्याआधीच अंडाशयं काढली तर हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून उद्याच ऑपरेशनची तारीख देत असतील तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका. धो-धो रक्तस्राव नसेल तर चार दिवसांनी काही बिघडत नाही.

सहीवरून आठवलं. प्रौढ, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिची स्वतःची लागते. नवऱ्याची सही घेण्याची पद्धत आहे, कायद्याची ती अट नाही. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय तिच्या आईला विचारून काढलं गेलं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट सांगितलं: तातडीचा धोका नसताना दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही, आणि तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही.

पुरुषांनीही हा लेख इथवर वाचला असेल तर त्यांच्यासाठी थोडं. तुमच्या छातीचा ईसीजी पटकन निघतो, पण झोप उडालेली, दारू वाढलेली, भूक गेलेली असताना “मनाला काय होतं?” हे तुम्हाला कोणी विचारत नाही. स्वतःहून सांगा. हाडं ठिसूळ होणं आणि छातीत गाठ येणं हे पुरुषांतही होतं, आणि ‘बायकांचा आजार’ म्हणून उशिरा सापडतं.

कागद

दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना आधीचं मत लगेच सांगू नका. आधी तक्रार सांगा, ऐकून घ्या, मग फाइल द्या. नाहीतर दुसरं मत हे पहिल्याची झेरॉक्स निघतं. फाइल मिळत नसेल तर लेखी अर्ज द्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

तक्रार करायची तर आधी रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. पैसे देऊन घेतलेल्या उपचारात हयगय झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत. हसून बोलले, ऐकलं नाही, एवढ्यावर तिथे काही होत नाही. तक्रार सांगूनही कोणती तपासणी झाली नाही आणि त्याने काय बिघडलं, हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणूनच चौथ्या पायरीत ‘लिहून द्या’चा आग्रह धरायला सांगितला.

आणि जुना ईसीजी जपा. नव्या पट्टीतला बदल खरा आहे की पहिल्यापासूनचा, हे जुनी पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय ठरवणं अवघड असतं. फक्त मूळ पट्टीवर विसंबू नका. तो थर्मल कागद असतो, आपल्या उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात फिका पडतो. मावशी आता उमरेडहून निघताना पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा आणि तीन वर्षांच्या ईसीजींच्या झेरॉक्स घेऊन निघते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मामाकडे बघून विचारलं, “काय होतं यांना?” मावशीने खुर्ची पुढे ओढली आणि झेरॉक्स टेबलावर पसरल्या.